बिनहुकाचं पोतं

शोभाताई : चहा घ्या, मारोतराव, पण चहापुरतंच बसा. तुमच्या हमालायच्या संपात पारशिवनीकडचा एकही शेतकरी येणार नाही. मी येऊच देणार नाही कोणाले.

मारोतराव : ताई, मी त अजून काही बोललोच नाही.

शोभाताई : नागपूरच्या मार्केट यार्डातून दोन बसा बदलून आले, संगं या पोरीले आणलं. मिरची कशी पिकली हे विचारायले त नाही आले ना?

मारोतराव : ही करिष्मा. आमच्या टोळीतल्या अनंतची बायको. तीन आठवडे झाले, तो गाडीवरच्या थप्पीवरून पोत्यासकट खाली आला. कंबर गेली त्याची.

शोभाताई : तो का? पडला तवा मी तिथंच होती. अडत्या त म्हणे मुका मार हाय, दोन दिवसांत येईन कामावर.

मारोतराव : तुम्हाले तसं सांगितलं. आम्हाले सांगते, हा आमचा माणूसच नाही, त्या दिवशी कामावरच नव्हता, असाच फिरत आला असंन. सव्वीस वर्षं झाली मले यार्डात, माझंही नाव कुठं लिहिलेलं नाही. उद्या मी पडलो त मीही फिरत आलेलाच. म्हणून सोमवारपासून संप. आमची नावं रजिस्टरात घ्या, एवढं एकच मागणं हाय.

शोभाताई : मागच्या संपाच्या वेळीही एकच होतं. दोन दिवस ट्रॅक्टरवर बसून होती मी गेटापुढं. दुसऱ्या दिवशी अवकाळी आलं. तुमच्या पोरायले हात जोडले, म्हटलं उतरवू नका, पण पोती निदान शेडात तरी ओढा. एकानं हात लावला नाही. लाल मिरची पांढरी पडली डोळ्यांदेखत.

मारोतराव : त्यायले नका बोलू. हात लावायचा नाही, हे मीच सांगितलं होतं. आम्हाले वाटलं, माल अडला की अडत्या वाकंन. त्याचा माल गोदामात कोरडा होता. भिजली तुमची मिरची. चूक झाली ताई, मोठी चूक झाली.

शोभाताई : मग आता?

मारोतराव : आता शेतकऱ्याचा माल आम्ही उतरवू. शेडात नेऊन ठेवू. अडत्यायचे ट्रक मात्र भरणार नाही. माल त्यायच्याच दारात साचंन. ते गावोगाव फोन करून राहिले, सोमवारी सगळे या म्हणून. गेटावर तुमची-आमची जुंपली की त्यायचं काम झालं.

शोभाताई : मलेही आला फोन. म्हणे, हमाल तुम्हाले बुडवून राहिले. मी म्हटलं, बरोबर हाय. तुमचे लोक पोत्यात हूक खुपसते, पोतं फाटते, मिरची सांडते, अन् सांडलेली टोळीची म्हणून गमछ्यात बांधून नेते. ती सांडते का सांडवता, मारोतराव?

मारोतराव : दोन्ही.

शोभाताई : बरं झालं, खरं बोलले.

मारोतराव : खाली पडलं ते टोळीचं, हे माझ्या बापाच्या काळापासून चालत आलं. कोणी विचारलंच नाही कधी. हा घ्या माझा हूक. इथंच ठेवून जातो. सोमवारपासून शेतकऱ्याच्या पोत्याले हूक लागणार नाही. सांडलं तेही तुमचंच.

शोभाताई : हुकाबिगर उचलता येते?

मारोतराव : येते. बोटं सोलते. कधी हातातून सुटते पोतं. पण येते.

करिष्मा : काकू, मी एक बोलू?

शोभाताई : बोल वं.

करिष्मा : तुमच्या मिरचीचं तिखट माझ्या घरी हाय. ह्यायनंच आणलेलं, मागच्या साली, सांडलेलं. ते कबूल करते मी. पण ज्या दिवशी हे पडले, त्या दिवशी हूक घरीच होता. खुंटीवर. सकाळी मी म्हटलं, विसरले का जी? तर म्हणे, आज पारशिवनीच्या ताईची गाडी लागणार हाय, त्यायच्या पोत्याले हूक चालत नाही.

(शोभाताई हातातला कप खाली ठेवते.)

शोभाताई : मीच म्हटलं होतं अडत्याले. माझ्या पोत्याले हूक लागला त माल परत नेईन म्हटलं. भिजलेल्या मिरचीचा राग होता मले. कोणावर तरी काढायचा होता.

करिष्मा : तुमच्यावर आळ घ्यायले नाही आली मी.

शोभाताई : माहीत हाय वं मले. म्हणूनच जास्त लागते. उठून बसते का तो?

करिष्मा : उशी लावली त बसते.

शोभाताई : मारोतराव, तो हूक उचला. फाटलं पोतं त फाटू द्या. दाभण-सुतळी घेऊन येईन मी, तिथंच बसून शिवीन. आमच्या शेतकरी गटातल्या बायायले सांगते. फोन त्यायलेही आले हाय. येतीन सगळ्या गाड्या घेऊन, पण गेटावर तुमच्या बाजूनं उभ्या राहतीन.

मारोतराव : ताई, अजून एक हाय. अनंत कामावर होता, असं लिहून देणारा साक्षीदार पाहिजे. टोळीचं कोणी ऐकत नाही. तुम्ही सही केली त अडत्या तुमच्या मालाले हात लावणार नाही पुढच्या साली. आधीच सांगून ठेवतो.

शोभाताई : दुसरा अडत्या पाहीन. कागद आणला का?

मारोतराव : आणला.

शोभाताई : मग लिहा. मी तिथं हजर होती. अनंत माझी गाडी उतरवून राहिला होता, त्याच्या पाठीवर पोतं माझंच होतं.

मारोतराव : लिहिलं.

शोभाताई : त्याच्या हातात हूक नव्हता, हे लिहा.

मारोतराव : ते कशाले ताई? त्याची गरज नाही आपल्याले.

शोभाताई : लिहा तुम्ही. का नव्हता, तेही लिहा.