नागूशेटची भवानी

मंडळी, झांजा जरा खाली ठेवा. पेटीवाले बुवा, तुम्हीही दम खा. आज एक प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर आल्याशिवाय आख्यान पुढे सरकायचं नाही. लक्ष्मी घर सोडून जाते – ती कशानं जाते? बोला! लाजू नका!

काय म्हणालात काकू? दिवेलागणीला केर काढला की जाते? वा! आणि तुम्ही? मंगळवारी पैसे दिले की? फारच छान! तो मागचा पागोटेवाला काय म्हणतो – उंबऱ्यावर बसून नोटा मोजल्या की जाते! अहो, एवढे बसलात इथे, पण आळसानं जाते, जुगारानं जाते, शेजाऱ्यापेक्षा मोठा मांडव घालायच्या हौसेनं जाते – असं एकाच्याही तोंडून आलं नाही! म्हणजे ती क्षीरसागरातून वर आलेली जगन्माता तुमच्या केरसुणीला भिऊन पळत सुटते! धन्य आहे तुमची!

तर तुमच्याच जातकुळीच्या एका शहाण्याची गोष्ट ऐका.

घाटाखाली बाजाराचं एक गाव. तिथे नागूशेट नावाचे दोरांचे व्यापारी. जनावराचं दावं म्हणा, पाळण्याची दोरी म्हणा, तिरडीची सुतळी म्हणा – जन्मापासून मरणापर्यंत गावाला नागूशेटच! दुसरं दुकान नाही. माल चोख. पण शेटचा एक नेम होता – भवानीच्या आधी उधार नाही! भवानी म्हणजे काय, दिवसाची पहिली रोख विक्री. ती झाल्याशिवाय सख्खा भाऊ आला तरी सुतळीचा तोडा उधार मिळायचा नाही.

हा नेम कुठून आला? ऐका, गंमत आहे. दुकान घातलं त्या वर्षी शेटनी एकदा सकाळी सकाळी एकाला उधार दोर दिला. दुपारी काथ्याच्या ढिगाला आग! आग कशानं लागली? बिडीनं. बिडी कुणाची? शेटचीच! आता तुम्ही-आम्ही काय सोडलं असतं? बिडी! शेटनी काय सोडलं? उधारी! बिडी चालूच! याला म्हणतात व्यवहारज्ञान!

पुढे धंदा बरा चालला. चालणारच – गावात दुसरं दुकान नव्हतं! पण शेट म्हणायचे, "माझ्या नेमाचं फळ."

एकदा पहाटे भागूबाई माळीण धावत आली. "शेट, गाय ओढ्यात रुतलीय हो! एक नाडा द्या. भाजी विकली की दुपारी पैसे आणून टाकते!"

"भवानी व्हायचीय, भागूबाई."

"अहो, गाय आत चाललीय माझी!"

"लक्ष्मी रुसेल माझी!"

गाय मेली, मंडळी. गाभण होती. आणि शेटनी त्या दिवशी देवीपुढे नारळ फोडला – नेम राखला म्हणून! हसू नका. हसण्यासारखं नाही ते.

गावच्या आडाचा दोर जुना झाला होता, पार कुजका. पंच आले, म्हणाले, "शेट, पाण्याचं पुण्य आहे, एक दोर द्या." शेट म्हणाले, "फुकट दिलेला माल दुकानाची बरकत घेऊन जातो." पंच आल्या पावली परत गेले.

शेटना एकच भीती – आपण नसताना बायको गल्ल्यावर बसते, तिला दया येते! सगुणाबाई मनानं मऊ. म्हणून एके दिवशी तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझी शपथ आहे तुला. भवानीच्या आधी उधार दिलास, तर माझं मेलेलं तोंड पाहशील!"

आणि गल्ल्याची किल्ली? ती शेटच्या करगोट्याला! बायकोच्या हाती दुकान द्यायचं, किल्ली नाही द्यायची. हे तुमच्याकडे चालत नाही ना? नाही ना? खाली का बघता मग?

आता एक मंगळवार उजाडला. बाईला दुकानात बसवून शेट तांब्याची घागर घेऊन आडावर गेले. घागर भरून वर आली, आणि काठाशी येता येता तो कुजका दोर तुटला – ताड! शहाणा माणूस काय करील? जाऊ दे म्हणेल! शेट तांब्याच्या घागरीमागे वाकले! घागर गेली, आणि मागोमाग शेट गेले – धबाक!

आड अरुंद, खोल, पायऱ्या नाहीत. भिंतीतून पिंपळाचं मूळ फुटलं होतं, ते धरून शेट गळ्याएवढ्या पाण्यात लोंबकळू लागले. "वाचवा! वाचवा!" येसू गुरव देवाच्या पूजेचं पाणी न्यायला आला होता, त्यानं वाकून पाहिलं. तुम्ही म्हणाल, महाराज, धोतर सोडायचं की! सोडलं हो! ओरडा ऐकून जमलेल्या चार माणसांनी सोडली, गाठी मारल्या, तरी निम्म्यात लटकली. मग येसू ओलेत्यानं, पंचा सावरत, दुकानाकडे धावला.

"वहिनी, दोर! लांबातला लांब! शेट आडात पडलेत!"

सगुणाबाईचा हात दोराकडे गेला – आणि तिथेच थिजला. भवानी झालेली नाही! दिला तर मेलेलं तोंड पाहायचं, आणि नाही दिला तरी मेलेलंच तोंड पाहायचं! सांगा मंडळी, काय करील ती? रडत म्हणाली, "येसूभाऊजी, पैसे आहेत का हो तुमच्याजवळ? एखादा आणा तरी?"

"पंच्यात कुठला आणा, वहिनी!"

"मग त्यांना जाऊन सांगा, शपथ सुटली म्हणा! एवढंच म्हणा म्हणावं!"

येसू परत धावला. आडात तोंड घालून ओरडला, "शेट! वहिनी रोख मागतायत! भवानी झाली नाही म्हणतात!"

आणि मंडळी, खरं सांगतो, त्या गार पाण्यात शेटना क्षणभर बायकोचा अभिमान वाटला! काय म्हणावं या माणसाला?

"सुटली म्हणा शेट! एक शब्द म्हणा!"

मूळ करकरलं. शेटनी तोंड उघडलं – आणि मिटलं. मनात हिशेब सुरू! आज मंगळवार. त्यात भवानीच्या आधी उधार. मागच्या खेपेला काथ्या जळला होता, आता काय जळेल? मान पाण्यात, जीव मुळाला टांगलेला, आणि शेट खालून ओरडतात, "बघ ना येसू, कुणाकडे रोख मिळते का!"

तिकडे दुकानापुढून भागूबाई माळीण भाजीची पाटी घेऊन चालली होती. रडणं ऐकून थांबली. काय झालं ते तिला कळलं. तिनं कनवटीला हात घातला. पहिल्या मेथीच्या जुडीचे दोन आणे होते, तिची स्वतःची भवानी. कपाळाला लावलेलं ते नाणं भाजीवाली दिवसभर मोडत नाही. ते तिनं सगुणाबाईच्या हातावर ठेवलं.

"घे बाई, झाली तुझी भवानी. उचल दोर."

"भागूबाई, तुझी गाय..."

"गाय गेली माझी. माणूस जाऊ नये. पळ आता!"

दोर गेला, आडात सुटला. शेटनी धरला, आणि दुसऱ्या हातातलं मूळ मोडलं! चौघांनी ओढून बाहेर काढलं. गारठलेले, ओठ काळेनिळे, तोंडातून पाणी. सगुणाबाई धावली. डोळे उघडून शेटनी पहिला शब्द काय काढला? राम? नाही. देवा? नाही.

"केवढ्याला दिलास?"

"दोन आण्यांना."

"दोन आणे! अगं, दीड रुपयाचा दोर! भवानीलाच तोटा! वर्ष बुडवलंस माझं!"

सगुणाबाई उठली. सारा जन्म खाली मान घालून वागलेली बाई, पण त्या दिवशी मान वर करून बोलली. "एक शब्द म्हणायचा होता तुम्ही. माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या जिवासाठी. तो निघाला नाही तुमच्या तोंडून. माझं कुंकू भागूबाईच्या मेथीनं राखलं, तुमच्या नेमानं नाही!" तो दोर तिनं तिथेच आडाच्या रहाटाला बांधला आणि शेटच्या करगोट्याची किल्ली काढून आपल्या पदराला बांधली. शेटना "नको" म्हणायचीही ताकद नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, शेट सुधारले. छे! त्या वर्षी धंदा दुप्पट झाला, कारण सगुणाबाई माणूस बघून उधार द्यायची आणि लोक फेडायचे. पण शेट मरेपर्यंत ओसरीवर बसून, बिडी ओढत सांगायचे, "आडात पडलो ना, ती पीडा गेली, म्हणून धंदा वाढला." मार खाईल, बुडेल, पण समजूत सोडणार नाही! अशा माणसापुढे देव तरी काय करणार?

हसलात ना पोटभर? आता हसू आवरा. तुमच्या घरातही असा एक नेम आहे. कुणी म्हणतो, पैसा दाखवला की जातो. कुणी म्हणतो, बायकांना त्यातलं कळत नाही. कुणी म्हणतो, आमच्या हातात पैसा टिकतच नाही, आणि म्हणून येईल तो उधळून मोकळा होतो. सगळ्यांच्या मागे एकेक जळालेला काथ्याचा ढीग आहे, आणि बिडी आपलीच आहे!

विठ्ठलाचं नाव घ्या, आरती घ्या, आणि घरी जा. पण जेवायला बसण्याआधी करगोट्याची किल्ली कुणाला तरी दाखवा. आणि ज्याला शपथ घातलीय, त्याला "सुटली" म्हणा. कोरड्या पायांनी म्हणा. आडात पडल्यावर तो शब्द तोंडातून निघत नाही.