बावीस गुलाब

नाही हो दादा, कोरफड नको — म्हणजे ठेवा, एक ठेवा, पण मला फुलं हवीत, आणि आज लावली तरी वर्षभर तिथेच होती असं वाटायला हवं. पाणी? पाणी दर चौथ्या दिवशी येतं आमच्याकडे, तेही तासभर, म्हणून तर म्हणते कमी पाण्यावर जगणारी द्या. ही कोणती — सदाफुली? हिला आठवड्यातून दोनदा पुरतं? नक्की? मग सहा द्या. तो चिनी गुलाबही द्या, उन्हात तगतो म्हणालात ना. आणि बोगनवेल, मोठी, कुंपणावर पसरलेली. मूळ धरायला महिना? महिना कुठला, उद्या दहा वाजता सासरे घरी येतायत, हॉस्पिटलमधून. दोन महिने झाले, खुब्याचं हाड मोडलं — घसरले, बागेतच, पाइप ओढताना.

कुंड्या आहेत हो, बावीस आहेत. गुलाब होते त्यांत. सगळे त्यांनी लावलेले, तुमच्या या नर्सरीतूनच नेलेले असतील. रोज विचारतात, "सूनबाई, गुलाब कसे आहेत?" मी म्हणते, "मजेत आहेत, बाबा." कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून दोन घेते आणि उशाशी ठेवते, आपल्याच बागेतले म्हणून. काय करणार? मन थाऱ्यावर असेल तर हाड लवकर जुळेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि पाणी नव्हतं हो — धुणं, भांडी, मुलीची शाळा, माझी नोकरी, कशाकशाला पुरवणार?

असं बघू नका. नव्हतं म्हणजे — होतं. टाकीत होतं. अर्धी टाकी उरायची. नाही घातलं मी. चौदा वर्षं, दादा, चौदा वर्षं आधी गुलाबांना पाणी आणि उरलं तर घराला. मुलगी पाच दिवसांची होती, डोकं धुवायला एक बादली मागितली तर म्हणाले, "आज कलमांची पाळी आहे." नवरा तिथेच पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं. मी डोक्याला फडकं बांधलं. मग ते पडले, आणि दुसऱ्या दिवशी मी पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला. रोज चहा घेऊन पायरीवर बसायची, पानं वाळताना बघायची. बरं वाटायचं — पहिले आठ दिवस. मग नाही. मग एका सकाळी घातलं, बादल्यांवर बादल्या, पण नुसत्या काड्या, हात लावला की कट्कन मोडायच्या.

आता त्या म्हाताऱ्या माणसाला काय तोंड दाखवू? ओरडले तर परवडलं — रडले तर? म्हणून म्हणते, भरगच्च द्या काहीतरी, सांगेन की पाणी वाचवायला बाग बदलली, सांगेन की — काय? कोणाचा फोन? बाबांचा? इथे? मागच्या आठवड्यात? "गुलाब गेले," असं म्हणाले? त्यांना कोणी — शेजारच्या आजोबांनी, हो, ते जातात भेटायला. अहो पण काल, कालसुद्धा मला विचारलं त्यांनी, गुलाब कसे आहेत म्हणून! आणि तुमच्याकडे काय मागितलं? ... कमी पाण्याची. सुनेला जड होणार नाहीत अशी. बाजूला काढून ठेवलीत.

नको, आणू नका — म्हणजे आणा, पण मागाहून. माझ्या मागे त्या बाई कधीच्या ताटकळल्यात, आधी त्यांचं बघा. जा ना, दादा. जा.