आडवं उभं राहिलं तरच

माझे बाबा वारल्यावर त्यांचं धनुष्य परत विकायला मी अमेरिकेतल्या डब्लिनजवळच्या शिकारीच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढे एक मराठी काका आणि त्यांची मुलगी.

“रेणू, उत्तर पटलं तरच लायसन्स काढायचं. समज, मी हरीण. तुझ्याकडे तोंड करून उभा. सोडशील बाण?”

“नाही बाबा. छातीच्या हाडाला लागून नुसतं जखमी होईल.”

“आता पाठमोरा?”

“अजिबात नाही. बाबा, लोक बघतायत!”

“बघू देत. आता आडवा, कूस तुझ्याकडे.”

“पुढचा पाय जरा पुढे टाका. हं. खांद्याच्या मागे, दोन्ही फुफ्फुसांतून. काही सेकंदांत संपतं.”

“आणि दिवसभर आडवा उभाच राहिलो नाही तर?”

“शॉट कॅन्सल. रिकाम्या हातानं घरी.”

“नक्की?”

“प्रॉमिस.”

“मग काढ लायसन्स. मी वरणभात लावून ठेवतो.”