पडद्याआडची दुसरी खुर्ची

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती वैजयंतीबाई, शिक्षक बंधुभगिनींनो आणि वाशीच्या या शाळेवर माया करणाऱ्या पालकांनो,

सेवानिवृत्त मराठी शिक्षकाच्या हाती ध्वनिक्षेपक देण्याचे धाडस संयोजकांनी केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार.

तोंडी परीक्षेत आपण गुण नक्की कशाला देतो? मुलाच्या बोलण्याला, की त्याच्या आडनावाला, गावाला, कपड्यांना? चौऱ्याऐंशी साली बाईंनी हा प्रश्न विचारला आणि वर्गात पडदा बांधला. मुलाने मागच्या दाराने येऊन पडद्याआड बसावे. पडद्याच्या अलीकडे बसून बाईंनी आणि मी एकमेकांना न दाखवता गुण लिहावेत. आणि पाठांतर ओळखण्यासाठी शेवटी एक अनपेक्षित प्रश्न विचारावा.

"बाई, ही शाळा आहे, आकाशवाणी नव्हे," मी म्हणालो.

"सर, पडदा तुमच्या कपाळावरच्या आठ्यांसाठी आहे. त्या पाहून पोरं मुकी होतात."

नववीतली पुतळा तशीच मुकी. आदल्या वर्षी तोंडी परीक्षेत नापास. पुन्हा नापास झाली, तर वडील तिला शाळेतून काढणार होते. मिठागरावर राबणारी तिची आई वारली, तेव्हापासून मुलगी वर्गात बोललीच नव्हती.

तिचा क्रमांक पुकारला. पडद्याआडून आवाज आला. मिठागराविषयीचे इतके ओघवते, इतके सुसंगत बोलणे मी क्वचितच ऐकले आहे. आम्ही गुण लिहिले. मग बाईंनी विचारले, "तुला भीती कशाची वाटते?"

"माजी पोर तुमचे म्होरं मुकी बसते ना, त्याची."

मी पडदा सारला. खुर्ची रिकामी होती. तिच्यावर ओले मीठ होते. पुतळा दाराबाहेरच, भिंतीला पाठ लावून उभी. तिने उंबरा ओलांडलाच नव्हता.

मी हलकेच म्हणालो, "बाई, राहू द्या हे गुण. पोरीचं भलं होईल."

"नाही सर. हे गुण तिचे नव्हेत." बाईंनी गुणांच्या दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या.

पुतळाला आत बोलावले. खुर्चीकडे पाहून ती म्हणाली, "बाई, मना दुसरी खुर्ची द्या. हितं आय बसली हाय."

दुसरी खुर्ची आणली. पडदा ओढला. पुतळा बोलली, अडखळत, थोडके, पण स्वतःचे. आम्हा दोघांचे गुण जुळले. ती जेमतेम उत्तीर्ण झाली.

तेव्हापासून तोंडी परीक्षेला पडद्याआड दोन खुर्च्या असतात. बाई आज निवृत्त होत आहेत, उद्यापासून त्या शाळेत नसतील. नव्या शिक्षकांना विनंती आहे, की रिकामी खुर्ची अडगळ समजून हलवू नये.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मी ऋणी आहे. व्याकरणात मी सहसा चुकत नाही. शिष्टाचारात काही उणे राहिले असेल, तर ते पोटात घालावे. नमस्कार.