उन्हात वाळवलेले सेल

बसा, बसा. माझ्यासाठी उठू नका. गुरुजींनी पुढं ढकललं म्हणून उभी राहिले. मला भाषण येत न्हाय, त्यात आज जीभ जड झालीया. रोज उलट उत्तर देणारा माणूसच गेला, मंग बोलायचं कुणाशी?

आपल्या मोहोळच्या स्टँडापाशी बॅटऱ्या भरणारा इस्माइल गेला. तुमी म्हणता, देवमाणूस होता. कसला देवमाणूस! लई खवचट होता.

आमचा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. दिवसभर माझ्याशी भांडण्यापरीस त्यानं रेडिओ ऐकलेला बरा. सेल उतरले की मी पत्र्यावर सांडग्यांशेजारी उन्हात वाळत घालायची. हसता काय? तुमी बी घालायचा की! इस्माइलनं बघितलं नि म्हणाला, "मावशी, सेलांना मीठ-हिंग लावलं का?"

म्हणलं, "तुझ्या जिभेला लाव."

हसतच रेडिओ घेऊन गेला. आणला तवा सेलांच्या जागंतनं दोन वायरी बाहेर आलेल्या, नि त्यांना फटफटीची जुनी बॅटरी जोडलेली. "ही उतरली की फेकायची न्हाय, मावशी. भरून न्यायची."

मंग अख्ख्या पेठेनं त्याच्याकडं रेडिओ नेले. पर त्या वायरी जोडत कोण होतं? इस्माइलला तर सुईचं नेढं दिसत न्हवतं! जोडायची त्याची लेक, रझिया. पडद्यामागं बसून. हा पुढं बसून नुसता बडबडायचा.

मी विचारलं, "लोकांना सांगत का न्हाईस रं?"

म्हणाला, "पोरीनं जोडलेलं कोण घेईल, मावशी?"

खोटं बोलला का तो? सांगा की.

करीम, तू त्याचा भाऊ, समोरच बसलायस म्हणून बोलते. तू म्हणतोस, दुकान मोडू, पोरीला काय येतंय. अरं, तुझ्या घरात वाजतोय तो रेडिओ कुणी जोडला? सकाळी रझियाला विचारलं, सांगू का समद्यांना? ती म्हणाली, "बोलो नानी. अब किससे छुपाना?"

इस्माइल असता तर मला गप बसवलं असतं. आता कोण बसवतंय?

आता उभं राहा समदी. इस्माइलसाठी घडीभर गप राहू. पर त्याआधी, रझियाच्या हातची बॅटरी ज्याला चालणार न्हाय, त्यानं आत्ताच बाहेर जावं. मी थांबते.

कुणी हललं न्हाय. करीम, तू बी न्हाय. बरं.

घाला माना खाली. इस्माइल, जा बाबा सुखानं. दुकान चालू हाय.