लाल गाडीचा खरा जबाब

हॉलंडमधल्या रायस्वाइकला करोनाची लस टोचली की पंधरा मिनिटं बसवून ठेवत. खुर्च्या लांब लांब, तोंडाला मास्क, म्हणून माझ्या पुढचं जोडपं ओरडूनच बोलत होतं. इथे मराठी कुणाला कळतंय, असा त्यांचा समज. मुलगी पोटुशी, आठवा महिना असावा. मी सुनेचा कोट साडीवर ओढून गप्प बसले. वय माझं झालंय, कानांचं नाही.

“ऋषभ, मोबाईलवर काय भरतोयस?”

“अभिरामचा फॉर्म. त्याच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी तो स्पोर्ट्स कारच्या मालकांनाच विचारतोय, कुणाची गाडी किती बिघडते.”

“तू काय लिहिलंस?”

“वर्षभरात बिघाड शून्य.”

“आणि रॉटरडॅमच्या बोगद्यात बंद पडली ती?”

“दमली होती.”

“मार्चमध्ये दोनदा ओढून आणली ती?”

“थंडी होती गं.”

“खरं लिही. ती पार्किंगमध्ये आहे, तिला ऐकू येत नाही.”

“संहिता, दसऱ्याला हार घातलाय तिला. अशी नावं नाही ठेवत.”

“बरं, पुढचा प्रश्न?”

“गाडीवर भरवसा किती, दहापैकी. मी दहा दिले.”

“वा! म्हणजे कळा सुरू झाल्या की हिच्यातूनच दवाखान्यात जायचं?”

“टॅक्सी बोलवू.”

“मग दहा खोड.”

“खोडले. दोन देतो.”

“दोन तरी कशाचे?”

“एक रंगाचा, एक हाराचा.”