अकरा तारीख

(शहापूरच्या पुढे महामार्गाच्या कडेला थांबलेली जीप. शुक्रवार, दुपारचे बारा.)

कमळू : जॅक हाय, पाना नाय. पाना मेव्हण्यानं नेला परवा.

भगीरथ : अरे कमळू, तीनला विमानतळावर पोचायचंय! युगांडाला चाललोय, मुरबाडच्या बाजाराला नाय.

कमळू : मंग काय झालं, चाक दोनीकडं गोलच लागतं. थांबा, त्या टेम्पोवाल्याला हात करतो.

भाविका : भगीरथकाका, माझं लसीचं पिवळं कार्ड कोणी तपासलं होतं?

भगीरथ : मीच. चर्चमधल्या सगळ्यांची कार्डं मीच गोळा केली. का गो?

भाविका : मला पीतज्वराची लस एक तारखेला टोचली. खालच्या चौकटीत लिहिलंय, अकरापासून ग्राह्य. आपण तिथे उद्या उतरतो. उद्या दहा.

भगीरथ : मग होतात की दहा दिवस. एक, दोन, तीन... बोटांवर मोजलेत मी.

भाविका : तुम्ही टोचल्याचा दिवसही धरलात.

भगीरथ : धरायचाच! माणूस गेला तो दिवस धरूनच दहावा करतात. आपला प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, तो बी शुक्रवार धरूनच ना?

भाविका : लशीला ते ठाऊक नाही, काका. दहा दिवस पूर्ण उलटावे लागतात. तोवर तिथे आत घेत नाहीत. कदाचित इथेच विमानात चढू देणार नाहीत.

भगीरथ : आणि साईनाथ, चंद्रकला? ते तर पुढं विमानतळावर गेले बी.

भाविका : त्यांचं आणि तुमचं कार्ड गेल्या महिन्याच्या पंचवीस तारखेचं आहे. माझाच पासपोर्ट उशिरा आला. अडकले ती मी एकटी.

भगीरथ : दे ते कार्ड इकडं.

भाविका : कशाला?

भगीरथ : पेन हाय माझ्याकडं. मागच्या एकाला जरा गोल केलं का शून्य. अकराचे दहा. कुणाच्या बापाला कळत नाय.

भाविका : नको.

भगीरथ : एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? देव सांभाळून घेईल.

भाविका : मी लॅबमध्ये रोज रक्ताच्या नळ्यांवर तारखा लिहिते. एखाद्याची नळी उशिरा आली म्हणून मागची तारीख टाकली, तर तुम्ही माझ्याकडे रक्त द्याल?

भगीरथ : लॅब राहू दे. नाकातोचं बोल. दोन वर्षं दर रविवारी तिथल्या अनाथाश्रमातली ती पोर फोनवर तुझ्याशी बोलते. परवा सकाळी तिला दुसऱ्या लांबच्या आश्रमात नेणार, तिथं फोन बी लागत नाय. उद्या नाय पोचलीस तर ती भेटायची नाय तुला.

भाविका : माहीत आहे.

भगीरथ : मग?

भाविका : पुढचं विमान सोमवारी. माहीत आहे मला, काका. कार्ड द्या.

भगीरथ : हट्टी. घे. तिला मी सांगतो, विमान लेट झालं. दीदी रस्त्यात हाय म्हणून सांगतो.

भाविका : डोळखांबच्या आश्रमात आम्हालाही तुम्ही हेच सांगितलं होतंत.

भगीरथ : काय?

भाविका : मी सात वर्षांची होते. मार्था आंटी येणार होत्या परदेशातून. आम्ही बावीस मुली फाटकाशी, हातात झेंडूच्या माळा. तुम्ही दर तासाला येऊन सांगायचात, पाहुणे रस्त्यात आहेत.

भगीरथ : त्यांचं विमानच रद्द झालेलं. सकाळीच फोन आलेला मला.

भाविका : सकाळीच?

भगीरथ : तुमी एवढ्या नटून बसलेल्या. माझी जीभ रेटली नाय गो.

भाविका : बाकीच्या जेवायला गेल्या. मी गेले नाही. तुम्ही सांगितलं होतंत ना, रस्त्यात आहेत. मग आम्ही जेवायला गेलो आणि त्या आल्या तर? वर्षभर गाडीचा आवाज आला की मी फाटकाकडे पळायचे.

भगीरथ : कधी बोलली नाय मला.

भाविका : तुम्ही तरी कुठे बोललात?

कमळू : भेटला पाना! टेम्पोवाला देवमाणूस हाय. ईस मिनटात चाक बसवतो, भाविकाताई, मंग बघा जीप कशी उडते.

भाविका : कमळूदादा, काकांना वेळेत पोचवा. मी इथेच उतरते.

कमळू : ऑं? पाना तर भेटला ना!

भगीरथ : मी बी नाय जात मग.

भाविका : जायचं. हा डबा तिच्या हातात द्यायचा. नाचणीचे लाडू आहेत. तिच्याकडेही नाचणी पिकते, म्हणाली, तुमच्या नाचणीची चव बघू.

भगीरथ : देताना काय सांगू?

भाविका : काही नको. मी आत्ताच सांगते. हॅलो... सिस्टर ग्रेस? नाकातो कुठे आहे?... गेटवर? आजच?

भगीरथ : बघ, रडेल ती. सिस्टरलाच सांग, ती समजावेल हळूहळू.

भाविका : नाही, सिस्टर, निरोप नको. तिलाच आत बोलवा. सावकाश येऊ दे, मी थांबते.